स्टारपोर्टची वर्गवारी कशी करायची? ट्रॅव्हलरचं ए-बी-सी आता पुरत नाहीये

मोडकं_जहाज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा किचकट आहे आणि मी पाल्हाळ लावणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आमचा छोटासा ग्रुप शनिवारी रात्री ऑनलाइन जुनं ट्रॅव्हलर खेळतो, रेफरी (म्हणजे खेळ चालवणारा) मी. ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मार्क मिलर यांनी केलेला हा अंतराळातला आरपीजी (म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचा खेळ) जीडीडब्ल्यू या कंपनीने १९७७ साली काढला, एका डब्यात तीन छोट्या काळ्या पुस्तिका. यात तलवारी-ड्रॅगन वगैरे काही नाही, बहुतेक वेळा तुमच्याकडे एक जुनाट मालवाहू जहाज असतं, त्यावर डोंगराएवढं कर्ज असतं आणि या ग्रहावरून त्या ग्रहावर माल टाकत हप्ते फेडायचे असतात. प्रत्येक ग्रहाला अक्षरं-आकड्यांची एक ओळ असते, त्यात आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायदा, शेवटी डॅश मारून टेक लेव्हल, म्हणजे तंत्रज्ञान किती पुढचं. आणि या सगळ्याच्या आधी, ओळीतलं पहिलंच अक्षर, स्टारपोर्टचं, म्हणजे तिथल्या अंतराळ बंदराचं.

ए म्हणजे शुद्ध इंधन, वार्षिक ओव्हरहॉल आणि ताऱ्या-ताऱ्यांमध्ये जाणारी जहाजं बांधायचं यार्ड. बी म्हणजे शुद्ध इंधन, ओव्हरहॉल, पण यार्डात फक्त सिस्टिमच्या आत फिरणारी जहाजं बनतात. सी ला कच्चं इंधन आणि बऱ्यापैकी दुरुस्ती. डी ला कच्चं इंधन, दुरुस्ती नाही. ई म्हणजे कातळावर एक खूण केलेली जागा, इंधन नाही, काही नाही. एक्स म्हणजे पोर्टच नाही.

सुरुवातीला हे एक नंबर वाटलं, एका अक्षरात सगळं. पण खेळता खेळता लक्षात आलं की आमचे प्लेयर नकाशावर फक्त ते अक्षर बघतात आणि विषय संपवतात, ए आहे का, चला, डी आहे का, नको. आणि सगळे ए सारखेच, सगळे सी सारखेच. मागे एकदा पोरं एका सी पोर्टवर उतरली आणि एकीने विचारलं की इथे वेगळं काय आहे, तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, कच्चं इंधन १०० क्रेडिट टन आणि एक बार, झालं. बार तर काय मी सगळीकडेच टाकतो.

म्हणून मी आपली स्वतःची सिस्टिम करायला घेतली. दहा श्रेणी, प्रत्येकीला नऊ कॉलम: इंधन, यार्ड, गोदाम, कस्टम, हॉस्पिटल, सुरक्षा, ट्रॅफिक, कक्षेतलं पोर्ट, जमिनीवरचं पोर्ट. एक्सेल शीट इतकं देखणं झालंय की बास, पण खेळताना कोणी त्याकडे ढुंकून बघत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते भरायचा कंटाळा येतो, एका सबसेक्टरमध्ये (नकाशाच्या एका तुकड्यात) चाळीसेक ग्रह, गुणिले नऊ.

तर प्रश्न असे. किती श्रेण्या ठेवाव्यात? श्रेणी नक्की कशाची द्यायची, सोयींची, आकाराची की महत्त्वाची? आणि एक्सचं काय करायचं, ते मला पहिल्यापासूनच विचित्र वाटतं. कोणी असं काही स्वतः बनवलं असेल तर सांगा. ट्रॅव्हलर न खेळणाऱ्यांनीही लिहा, उलट जास्त बरं.

फासेबाज

धागा आवडला, या विषयावर मराठीत लिहिणारं कोणी आहे हेच मोठं आहे.

श्रेण्या किती ते नंतर बघू, आधी त्या श्रेण्या येतात कुठून ते बघ. जुन्या नियमात दोन फासे टाकायचे आणि बेरीज २ ते ४ आली तर ए, ५-६ बी, ७-८ सी, ९ डी, १०-११ ई, १२ एक्स. छत्तीस शक्यतांमध्ये हिशोब मांडला तर ए ६, बी ९, सी ११, डी ४, ई ५, एक्स १. म्हणजे दर सहा ग्रहांमागे एक ए, आणि ए-बी मिळून ४२ टक्क्यांच्या आसपास. डी हा ई पेक्षा दुर्मिळ!! म्हणजे गरीब पोर्टं कमी आणि अजिबात काही नसलेली जास्त. मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, टेबल गोल आकड्यांत बसवताना झालं असावं, पण तुझ्या प्लेयरना "डी असेल तर नको" म्हणायची वेळच मुळात कमी येते.

खरा घोळ पुढे आहे. लोकसंख्या वेगळ्या फाशांवर येते, दोन फासे वजा दोन, पोर्टशी काही संबंध नाही. लोकसंख्येचा आकडा २ किंवा त्याखाली, म्हणजे फार तर काही शे माणसं, याची शक्यता परत सहात एक. ए पोर्ट आणि एवढी कमी वस्ती, दोन्ही एकत्र म्हणजे छत्तीसात एक. सबसेक्टर ८ बाय १० चा, ८० खण, त्यातल्या साधारण अर्ध्यांत ग्रह, म्हणजे ४०. याचा अर्थ जवळपास प्रत्येक सबसेक्टरमध्ये असा एक ग्रह निघणार जिथे तारे गाठणारी जहाजं बांधायचं यार्ड आहे आणि गावात माणसं आहेत दोनशे. यार्डात वेल्डिंग कोण करतंय राव, आणि त्यांचा डबा कोण पोचवतंय?

नवं ट्रॅव्हलर काढणाऱ्या मोंगूस कंपनीने २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे बऱ्यापैकी निस्तरलंय. तिथे आधी लोकसंख्या काढतात, मग पोर्टचे फासे, आणि लोकसंख्येप्रमाणे त्यात मिळवायचं किंवा वजा करायचं, ८-९ असेल तर अधिक १, १० किंवा वर अधिक २, ३-४ असेल तर वजा १, त्याखाली वजा २. टेबलही उलटं केलंय, मोठा आकडा आला की चांगलं पोर्ट. तुझ्या घरच्या सिस्टिममध्ये दुसरं काही केलं नाहीस तरी एवढं कर.

पण मी अशा ग्रहांचे फासे सरळ परत टाकत नाही. दोनशे माणसं आणि ए पोर्ट आलं की तिथे थांबून विचारायचं की का. ती दोनशे माणसं म्हणजे यार्डचेच कामगार आणि त्यांची घरं असतील. किंवा आधी इथे लाखभर लोक होते. माझ्याकडे एकदा असाच ग्रह आला आणि त्यावर आम्ही कितीतरी दिवस खेळलो, कारण पार्टीला (प्लेयरच्या टोळीला) कळेना की पोर्टाचं वीजबिल भरतंय कोण.

टॅक्सीवे

मी ट्रॅव्हलर खेळलेलो नाही पण विमानतळांच्या कामात आहे, तेव्हा तुमच्या "श्रेणी नक्की कशाची" या प्रश्नावर थोडं लिहितो.

आमच्याकडे आयकाओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) एरोड्रोम रेफरन्स कोड असतो. एक आकडा आणि एक अक्षर, ४-सी, ४-ई असं. आकडा १ ते ४, त्याचा संबंध विमानाला टेक-ऑफला लागणाऱ्या धावपट्टीच्या लांबीशी, १ म्हणजे ८०० मीटरच्या आत आणि ४ म्हणजे १८०० आणि पुढे. अक्षर ए ते एफ, मुख्यतः पंखांचा पसारा. ए३२० किंवा ७३७ सी मध्ये, म्हणजे २४ ते ३६ मीटर, मोठी लांब पल्ल्याची विमानं ई मध्ये, ५२ ते ६५, आणि ए३८० एफ मध्ये, ६५ ते ८०.

यात गंमत अशी की हा कोड कुठेच सांगत नाही की विमानतळ चांगला आहे का भिकार. टॉयलेट तुंबलेलं असेल, बॅग यायला तास लागत असेल, कोडला घेणंदेणं नाही. कोण येऊ शकतं, एवढंच तो सांगतो. अग्निशमनाची वेगळी कॅटेगरी असते, १ ते १०, ती विमानाची लांबी आणि धडाची रुंदी बघून. धुक्यात उतरायची सोय परत वेगळी मोजतात. एकाच अक्षरात सगळं कोंबायचा प्रयत्न कोणी करत नाही कारण पायलटला प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या वेळी लागते.

आणि असा कोड एकदा पक्का झाला की लोक जहाजं त्याला बसवायला लागतात, हे तुमच्या खेळात मस्त वापरता येईल. बोइंग ७७७-९ चे पंख उघडल्यावर जवळजवळ ७२ मीटर होतात, म्हणजे एफ. एफ ला चालणारी स्टँड आणि टॅक्सीवे जगात कमी. मग बोइंगने पंखांची टोकं दुमडायची सोय केली, जमिनीवर टोकं वर केली की ६५ च्या जरा आत, आणि विमान ई मध्ये बसतं. दुमडायच्या यंत्रणेचं वजन, खर्च, सर्टिफिकेशनची डोकेदुखी हे सगळं केवळ एका अक्षरासाठी पत्करलं. तुमच्या जगात स्टारपोर्टची मर्यादा ४०० टन असेल तर शिपयार्डवाले ३९९ टनांची जहाजं काढतील, आणि एखादा कॅप्टन कागदावर ३९९ लावून प्रत्यक्षात ४५० टनांचं घेऊन येईल. पुढचं तुमचे प्लेयर बघून घेतील.

मोडकं_जहाज

३९९ टन!! हे आजच्या आज घेतोय. आणि फासेबाज, वीजबिलाचं पुढे काय झालं ते सांग ना, असं अर्धवट सोडू नकोस.

टॅक्सीवे, ट्रॅव्हलरमध्ये याला लागून एक गोष्ट आहे. स्ट्रीमलाइन नसलेलं जहाज हवेत उतरू शकत नाही, त्याला कक्षेतलं हायपोर्टच लागतं. म्हणजे खाली डाउनपोर्ट कितीही चकाचक असलं तरी त्या जहाजाला ते नसल्यातच जमा, आणि हे अक्षर बघून कुठे कळतं.

उरणकर

शिपिंग एजन्सीत काम करतो, जहाज पोर्टला यायच्या आधीची आणि गेल्यानंतरची सगळी कागदपत्रं आम्ही बघतो. हा धागा मुलाने दाखवला. खेळ मला कळत नाही पण बंदरं कळतात, तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुमच्या ए मध्ये उत्तम पोर्ट आणि जहाजबांधणी एकत्र बांधलीये, त्या दोन गोष्टी प्रत्यक्षात एकत्र असतीलच असं नाही. न्हावा-शेवाला देशातले ढिगाने कंटेनर उतरतात, पण म्हणून तिथे कोणी जहाज बांधून घ्यायला जात नाही. आणि खाडीच्या पलीकडे माझगाव डॉकला युद्धनौका, पाणबुड्या बनतात, पण तिथे कोणी कंटेनर उतरवायला जात नाही. दोन्ही एकाच पाण्यावर. तुमच्या नियमाने यातलं ए कोण आणि बी कोण? इंधनाचं तर आणखीनच वेगळं, फुजैराबाहेर जहाजं नांगर टाकून उभी असतात ती निव्वळ बंकर भरायला, माल चढवायचा नाही, उतरवायचा नाही, तेल घेतलं की निघाली. सिंगापूर जगातलं सगळ्यात मोठं बंकरिंगचं ठिकाण, तिथे तेलही आहे, मालही आहे, दुरुस्तीही आहे, पण अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळीकडे एक आहे तर दुसरं नाही, आणि मालकाची अर्धी डोकेदुखी याच जुळवाजुळवीची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे श्रेणी कोण देतं. आपल्याकडे बंदरांचे दोन प्रकार, मेजर आणि मायनर. ऐकून वाटतं मोठी आणि छोटी. तसं नाहीये. मेजर म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली, आधी १९६३ चा कायदा होता, आता २०२१ चा मेजर पोर्ट अथॉरिटीज ॲक्ट. मुंबई, जेएनपीए (म्हणजे न्हावा-शेवा), मुरगाव ही मेजर. बाकीची राज्याकडे, महाराष्ट्रात ती मेरीटाइम बोर्ड बघतं. मुंद्रा बंदर मेजर म्हणवणाऱ्या बहुतेकांपेक्षा जास्त माल हाताळतं पण कागदावर ते मेजर नाही, कारण ते गुजरातच्या यादीत येतं. आपल्या जयगडला कोळशाची भलीमोठी जहाजं लागतात, ते पण मायनर. म्हणजे नवखा माणूस नुसती यादी बघून निघाला तर फसणार. तुमच्या खेळात एखादं साम्राज्य वगैरे असेल ना, तर त्याने आपल्या ताब्यातल्या पोर्टांना वरची श्रेणी द्यावी आणि एखाद्या खासगी, दुप्पट मोठ्या पोर्टाला खालची, यात मला काहीही अवास्तव वाटत नाही.

तिसरं, जहाज निघायच्या आधी आम्ही मालकाला एक कागद पाठवतो, प्रोफॉर्मा डिस्बर्समेंट अकाउंट, पीडीए म्हणतात. या बंदरात आलात तर साधारण काय खर्च येईल: पोर्ट ड्यूज, पायलटेज, टग किती लागतील, बर्थ हायर, वॉचमन, गोडं पाणी, कचरा, आमची एजन्सी फी. आणि सोबत दोन ओळी, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल जातं ते) इतका, भरती इतक्या वाजता, बर्थला साधारण इतके दिवस वाट. कॅप्टन आणि मालक श्रेणी-बिणी काही बघत नाहीत हो, ते हा कागद बघतात. एकेकदा मालक फोन करून एका टगवरून अर्धा तास हुज्जत घालतो, की मागच्या वेळी दोनच लागले होते आता तीन कसे. तुमच्या मुलांना प्रत्येक ग्रहासाठी एक्सेल देऊ नका, निघायच्या आधी एजंटचा असा एक कागद द्या. आठ-दहा ओळी. त्यातल्या एखाद्या ओळीवर ती भांडतील, आणि नऊ कॉलममधलं जे सांगायचं होतं ते तेवढ्यात सांगून होईल.

अवांतर: भरतीची वाट बघणं ही सुद्धा मोठी गोष्ट आहे. जास्त ड्राफ्टचं जहाज ओहोटीला आत घेता येत नाही, बाहेर थांबावं लागतं, आणि जहाज थांबलं की पैसे चालू. अंतराळात भरती नसेल पण तसं काहीतरी शोधा.

मिसजंप

उरणकर काका, मानलं. तो पीडीए मी पण ढापणार.

धागाकर्त्याला माझं वेगळंच म्हणणं आहे. अक्षर काढू नकोस. एक तर सगळी यंत्रणा त्याला टांगलेली आहे, टेक लेव्हल काढताना ए ला अधिक ६, बी ला ४, सी ला २, एक्सला उणे ४, हे मोडलंस तर पूर्ण जग नव्याने मांडावं लागेल आणि तुझा तो एक्सेलचा उत्साह तेवढा टिकणार नाही, ओळखतो मी असल्या लोकांना, मी स्वतः तसाच आहे.

आणि दुसरं म्हणजे ते अक्षर खेळातल्या जगात कुणीतरी छापलेलं आहे असं धर. ट्रॅव्हलरमध्ये प्रकाशापेक्षा वेगाने बातमी जात नाही, जहाजच ती घेऊन जातं आणि प्रत्येक जंपला, म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर मारलेल्या उडीला, साधारण आठवडा लागतो. टपालासाठी एक्स-बोटी आहेत, त्या चार-चार पार्सेक उडी मारतात, तरीही दूरच्या ग्रहावरची माहिती तुझ्यापर्यंत येईतो महिने झालेले असतात. मग रजिस्टरमध्ये बी लिहिलंय म्हणजे काय, तर कोणीतरी अधिकारी कधीतरी तिथे गेला होता आणि तेव्हा ते बी होतं. त्यानंतर रिफायनरी बंद पडली असेल, युनियनचा संप असेल, नाहीतर त्या अधिकाऱ्याला कोणीतरी छान जेवू घातलं असेल. उरणकर काकांचं मेजर-मायनर पण इथेच बसतं. अक्षर हा सरकारी दावा, एजंटचा कागद ही ताजी खबर, आणि दोघांत तफावत असेल तिथे ॲडव्हेंचर. त्यासाठी वेगळं प्लॉट लिहायलाच लागत नाही.

कॉलम किती ठेवायचे याला माझी एकच चाचणी आहे. प्लेयर त्या कॉलमवरून निर्णय बदलतो का? इंधनाचं गणित घे. २०० टनांचा फ्री ट्रेडर, जंप-१, एका उडीला जहाजाच्या दहा टक्के म्हणजे २० टन. शुद्ध ५०० ने १०,००० क्रेडिट, कच्चं १०० ने २,०००. हाय पॅसेजचं एक तिकीट १०,००० ला विकलं जातं, म्हणजे एक अख्खा श्रीमंत प्रवासी तुझ्या टाकीत गेला. कच्चं भरलंस तर ८,००० वाचले पण मिसजंपची, म्हणजे उडी चुकून भलतीकडेच पोचायची, भीती. आणि जहाजाचा हप्ता महिन्याला दीड लाखाच्या वर, ३७ मिलियनचं जहाज, किमतीचा २४० वा भाग दर महिना, चाळीस वर्षं. या गणितावर आमच्या टेबलावर दर वेळी भांडण होतं, म्हणून इंधन राहिलं पाहिजे. दुरुस्ती राहिली पाहिजे, कारण वर्षातून एकदा दोन आठवडे ए किंवा बी ला जहाज उभं करावंच लागतं. हॉस्पिटल? कोणी जखमी असेल त्या दिवशी विचारतील, तेव्हा ठरव. कस्टम, सुरक्षा, गोदाम, सगळं तसंच, उडव.

रेड_झोन

एक्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

एक्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. पोर्ट नाही ही एक आणि जायला मनाई ही दुसरी. नियमात मनाईसाठी वेगळी सोय आहेच, अंबर झोन आणि रेड झोन, त्यामुळे एक्स हा फक्त "पोर्ट नाही" एवढाच धर. पोर्ट नाही म्हणजे उतरता येत नाही असंही नाही, स्ट्रीमलाइन जहाज कुठल्याही माळावर उतरेल, समुद्रातून पाणी ओढून कच्चं इंधन करेल, किंवा वर गॅस जायंट असेल तर त्यातून स्कूप मारेल. माझ्या टेबलावर एक्स ही स्मगलरांची आवडती श्रेणी आहे, कारण पोर्ट नाही म्हणजे रजिस्टरही नाही.

आणि ई वि. एक्स असा वाद असेल तर मी एवढंच बघतो की तिथे उतरल्यावर कुणीतरी येऊन पावती फाडतं का. फाडत असेल तर ई.

मुख्य ग्रह सोडून सिस्टिममधल्या बाकीच्या गोळ्यांसाठी एफ, जी, एच, वाय अशी वेगळी स्पेसपोर्टची अक्षरं आहेत, १९८३ च्या स्काउट्सवाल्या पुस्तिकेत आली ती. ती वापर, नवीन अक्षरं काढत बसू नकोस.

अजून एक राहिलं, कुंपण. थर्ड इम्पीरियम सेटिंगमध्ये (ट्रॅव्हलरचं नेहमीचं साम्राज्यवालं जग) स्टारपोर्टची जमीन साम्राज्याची, ग्रहाचा कायदा कुंपणापाशी संपतो. ग्रहावर साधा चाकू बाळगायला बंदी असेल पण कुंपणाच्या आत चालतं. म्हणून कुंपणाच्या आत कोणाचं राज्य, हा कॉलम मी कुठल्याही परिस्थितीत ठेवेन. पोलिसांपासून पळताना पार्टी कुठे धावते हे त्यावर ठरतं.

मोडकं_जहाज

बाप रे, एका दिवसात एवढं. सगळ्यांचे आभार, कामावर बसून वाचत होतो, मॅनेजरला वाटलं काहीतरी डॉक्युमेंटेशन वाचतोय.

नऊ कॉलम उडवले. आता असं केलंय: अक्षर जसंच्या तसं, ते साम्राज्याच्या रजिस्टरमधलं, फासे मात्र आधी लोकसंख्या मग पोर्ट. त्याखाली एजंटच्या कागदाच्या पाच ओळी, इंधन, दुरुस्ती, ठाव (म्हणजे केवढं जहाज, वर आणि खाली वेगळं), कुंपण कोणाचं आणि खबर किती जुनी. या पाच ओळी मी सगळ्या चाळीस ग्रहांच्या भरणार नाही, पार्टी जिथून दोन उडींवर आहे तेवढ्यांच्याच. नमुना टाकतो, ग्रहाचं नाव करवंद, ते पोरांनीच ठेवलंय.

करवंद, बी६५४७८३-९
इंधन: कच्चं मिळेल. शुद्ध आहे, पण आधी खाण कंपनीच्या जहाजांना, उरलं तर बाकीच्यांना.
दुरुस्ती: ओव्हरहॉल होतो, पुढे तीन जहाजं रांगेत.
ठाव: वर कितीही, खाली ४०० टनांच्या आत.
कुंपण: कागदावर साम्राज्य, गेटवर कंपनीचे गार्ड.
खबर: सात आठवडे जुनी.

काल रात्री हे पोरांना ग्रुपवर टाकलं, शनिवार यायच्या आधीच चॅटवर वाद सुरू. एकाचं म्हणणं गॅस जायंटवरून स्कूप मारून जाऊ आणि शुद्धचा नादच सोडू, दुसरी म्हणते तीन जहाजं रांगेत म्हणजे कोणालातरी पैसे चारून नंबर वर घेता येईल, आणि तिसरा विचारतोय की गेटवर गार्ड कंपनीचे असतील तर आपल्या पेटीतल्या "शेतीच्या सामानाचं" काय. नऊ कॉलमच्या शीटवर एकही प्रश्न आला नव्हता.

उरणकर काका, भरतीसारखं काय ठेवावं यावर डोकं चालवतोय. ग्रहाच्या शंभर व्यासांच्या आत जंप मारणं धोक्याचं असतं, तेवढं अंतर आधी साध्या इंजिनावर कापावं लागतं. ग्रह मोठ्या ताऱ्याच्या जवळ असेल तर ताऱ्याचे शंभर व्यास लागू होतात आणि मग प्रवास काही तासांऐवजी काही दिवसांचा होतो. पण ते कायमचंच झालं, भरतीसारखं येत-जात नाही. हायपोर्ट आणि डाउनपोर्टमधली शटल ठरावीक वेळेलाच जाते असं करावं का?

एक शंका राहिली. पार्किंगचे पैसे. जुन्या नियमात सगळीकडे सहा दिवसांना १०० क्रेडिट सपाट आहे, ते ए ला फारच स्वस्त वाटतं आणि डी ला लूट.

फासेबाज

मोंगूसमध्ये आहे ते घे: एक फासा टाक, ए ला गुणिले १,०००, बी ला ५००, सी ला १००, डी ला १०, ई ला फुकट. तो फासा कागद देतानाच टाकून एजंटच्या अंदाजात लिहून टाक, आणि पोहोचल्यावर परत टाक. दोन आकड्यांत फरक आला की पोरं एजंटला फोन लावतील.

वीजबिल नौदल भरत होतं. ते का, हे अजून माझ्या पार्टीलाच कळलेलं नाही आणि त्यातला एकजण इथे वाचतो, म्हणून गप्प.

उरणकर

शटलचं चालेल, पण त्यापेक्षा पायलट ठेवा. बंदराचा पायलट चढल्याशिवाय जहाज आत येत नाही, आणि रात्री एक पायलट आणि बाहेर पाच जहाजं असं असेल तर पाचवा कॅप्टन सकाळपर्यंत थांबतो. तुमच्या त्या कंपनीच्या पोर्टवर पायलटही कंपनीचाच असणार.